ब्लोअरची किरकिर

तबूकमध्ये थंडी पडते हे मुलुखात कुणाला सांगून पटत नाही. मुन्नीची म्हसळ्याची भावजय दर हिवाळ्यात फोनवर विचारायची, "सौदीत कसली गो थंडी?" आणि मुन्नी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून, पायात लोकरीचे मोजे चढवून तिला समजावत बसायची की बाई, इथे पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ जमतं, ते खरवडल्याशिवाय हे कामाला निघू शकत नाहीत.

ती राहायची ते कंपाउंड शहराबाहेर, एका शेती कंपनीचं. ओळीने बैठी घरं, आणि प्रत्येकाच्या छतावर पत्र्याची एक भलीमोठी पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीतून गार हवा यायची आणि हिवाळ्यात गरम. पेटीत एक मोटर, मोटरवर पट्टा, आणि तो पट्टा फिरवायचा तो पिंपाएवढा जाडजूड ब्लोअर. ब्लोअर हवा ढकलायचा, ती डक्टमधून प्रत्येक खोलीच्या जाळीपर्यंत पोचायची. सात वर्षं या पेटीकडे मुन्नीने वर मान करून पाहिलं नव्हतं. गेल्या जानेवारीत ती आवाज करायला लागली आणि मुन्नीच्या आयुष्यात दुसरं काही उरलंच नाही.

आवाज दोन होते. एक घरघर, जात्यासारखी, भिंतीतून जाणवणारी. दुसरी किरकिर, बारीक, टोकदार, पाटीवर खिळा ओढावा तशी. घरघरीचं एक वेळ चाललं असतं. किरकिर मात्र दातांच्या मुळाशी जाऊन बसायची.

घरात मशीनचा माणूस होता म्हणून मुन्नी निर्धास्त होती. तिचा नवरा इब्राहीम मूळचा बाणकोटचा, वय चौपन्न. कंपनीच्या शेतांवरचे सगळे जनरेटर आणि पाण्याचे पंप त्याच्या ताब्यात. त्याच्या कानाची ख्याती होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "दुसरं बेअरिंग गेलं." उघडून बघावं तर दुसरंच बेअरिंग गेलेलं असायचं. नवे इंजिनियर आले की त्यांना आधी हा खेळ दाखवला जायचा.

पहिल्याच शुक्रवारी तो छतावर चढला. मोटरचा एक बोल्ट ढिला होता तो आवळला, पट्टा ताणून बसवला. घरघर थांबली. हात पुसत खाली आला, चेहऱ्यावर समाधान.

"झाला बंद."

"कुठे बंद झाला?" मुन्नी म्हणाली. "ऐका की. चालूच आहे."

इब्राहीमने जाळीकडे मान वळवली, क्षणभर थांबला. "कसला आवाज? हवा आहे ती. हवा वाहणार म्हणजे एवढं होणारच."

"हवा नाही हो. ही किरकिर!"

"नाय गो. तुला भास होतोय." आणि तो चहा मागून टीव्हीसमोर बसला. टीव्ही नेहमीप्रमाणे एवढा मोठा लावला की मुन्नीला स्वतःच्याच किरकिरीबद्दल शंका यावी.

दुसऱ्या दिवशी तिने कंपाउंडच्या ऑफिसात तक्रार लिहिली. बुकरा, म्हणजे उद्या, असं उत्तर आलं. तो बुकरा चार दिवसांनी उजाडला. सकाळी अकराच्या सुमाराला हुसेनमियाँ शिडी खांद्यावर टाकून आले. हैदराबादचे, पंचवीस वर्षं देखभालीच्या कामात, बोलायला मऊ. आले, जाळीखाली उभे राहिले, टोपी मागे सारून दोन मिनिटं ऐकत राहिले.

"भाभी, आवाज तो नैं है."

आणि खरंच नव्हता! मुन्नी जाळीखाली गेली, खुर्चीवर चढली, कान वर केला. नुसती सूं सूं हवा. सकाळी सहापासून नऊपर्यंत जिने तिचं डोकं खाल्लं होतं ती किरकिर हुसेनमियाँच्या शिडीची चाहूल लागल्यासारखी गप्प होती. हुसेनमियाँनी फिल्टर बदलला, सलाम केला आणि गेले. संध्याकाळी मगरिबची अजान झाली, बाहेर गारठा पडला आणि जाळीतून पुन्हा सुरू. किर्र, किर्र, किर्र.

असं तीन वेळा झालं. तीनही वेळा हुसेनमियाँ अकराला आले, आणि तीनही वेळा मुन्नी खोटी पडली. दुसऱ्या खेपेला त्यांनी मोटरला तेल दिलं. तिसऱ्या खेपेला काहीच केलं नाही, फक्त म्हणाले, "डक्ट में हवा बोलती भाभी. ध्यान नक्को देव." आणि तेव्हा सुट्टी म्हणून घरी असलेला इब्राहीम दारातून म्हणाला, "मी काय सांगत होतो?"

मुन्नीला वाटलं, हातातलं लाटणं दोघांपैकी कुणाच्या डोक्यात घालावं?

दुपारी असरनंतर तिच्याकडे कंपाउंडमधली सहा-सात लहान मुलं गणिताच्या शिकवणीला यायची. हॉलमध्ये, नेमकी जाळीखाली. सूर्य कलायचा तशी किरकिर परतायची. एके दिवशी इफरा नावाची सात वर्षांची मुलगी वजाबाकी सोडून छताकडे बघत बसली.

"टीचर, ये चिड़िया अंदर कैसे गई?"

"कौनसी चिड़िया?"

"जो रो रही है."

मुन्नीने त्या पोरीला जवळ ओढून तिचा मुकाच घेतला. एवढ्या मोठ्या कंपाउंडमध्ये कुणीतरी एक शहाणं निघालं. रात्रीच्या जेवणाला तिने हे इब्राहीमला सांगितलं. तो भात कालवत राहिला. तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "हां, मासा चांगला झालाय."

मुन्नीने ताट सरकवलं आणि उठून गेली.

हे नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं हे चाललं होतं आणि तिच्या मनात ते साचत आलं होतं. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, उत्तर नाही. मुलगी काही बोलली की हा म्हणायचा, "ही तोंडातल्या तोंडात बोलते." वॉशिंग मशीन पीं पीं करून थकायचं आणि हा शेजारी बसून मोबाईल बघत असायचा. फोनवर तिची बहीण रडून काही सांगत होती आणि याने मध्येच, आनंदाची बातमी ऐकल्यासारखं, "अच्छा, अच्छा, माशाल्लाह" म्हणून टाकलं होतं. "कानात बोळे घातलेत का?" असं तिने शंभरदा विचारलं असेल. तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपलं बोलणं म्हणजे पंख्याच्या हवेसारखं झालंय, असंच तिने धरून ठेवलं होतं.

त्यांची मुलगी उमामा बारावीला होती. तिची प्री-बोर्ड तोंडावर आली होती आणि ती दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायची.

"तुला तरी ऐकू येतं ना गं?" मुन्नीने तिला विचारलं.

"ऑफ कोर्स, अम्मी. इसीलिए तो हेडफोन्स पहनती हूँ."

"मग अब्बांना सांगत का नाहीस?"

"बोला था. अब्बा ने कहा, पढ़ाई में ध्यान दो."

त्या गुरुवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर किरकिर एवढी चढली की उमामाच चादर फेकून उठली. मोबाईल घेऊन खुर्चीवर उभी राहिली, जाळीला टेकवला आणि आवाज रेकॉर्ड केला. नाश्त्याच्या टेबलावर तिने तो पूर्ण आवाजात लावला. मुन्नीच्या अंगावर शहारे आले. उमामाने फोन बापाच्या हातात दिला.

"अब्बा, अब बोलो."

इब्राहीमने फोन कानाला लावला. मुन्नी समोरच बसली होती. फोनवरची किरकिर टेबलापलीकडून तिला स्पष्ट ऐकू येत होती. इब्राहीमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रेकॉर्डिंग वीसेक सेकंदांचं होतं. ते संपलं. फोन मुका झाला. इब्राहीमने तो तसाच कानाशी धरून ठेवला, एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मान डोलावली.

"हां. येतोय, येतोय. आहे बारीकसा."

"अब्बा, वो तो बंद…" उमामा म्हणायला लागली. मुन्नीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

इब्राहीम कामावर गेला. उमामाची शाळेची बस आली, गेली. मुन्नी नाश्त्याची खरकटी ताटं तशीच ठेवून बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे गेली दोन वर्षं एकेक करून येत होती. वॉशिंग मशीन. टीव्ही. माशाल्लाह. मग दहा मिनिटांनी तिला राग यायला लागला. कारण ऐकू येत नाही हे एक झालं. पण ज्याला ऐकू येत नाही तो मुक्या फोनला "येतोय, येतोय" म्हणाला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. तीन आठवडे त्याला माहीत होतं की आवाज असू शकतो, आणि तीन आठवडे तो तिला भास होतोय म्हणत होता. हुसेनमियाँच्या देखत!

शुक्रवारी फजरनंतर, उजाडायला लागलं तशी किरकिर ठरल्या वेळेला सुरू झाली. इब्राहीम पुन्हा पांघरुणात शिरायच्या बेतात होता. मुन्नीने कपाटाखालून त्याची हत्यारांची पेटी ओढली. ती फरशीवर अशी खरडली की तोही उठून बसला.

"काय गो करतेस?"

मुन्नी पेटी उचलून मागच्या दारातून बाहेर गेली आणि लोखंडी जिना चढायला लागली. पेटी जड होती, दर पायरीला गुडघ्यावर आपटत होती. ती वर पोचेपर्यंत इब्राहीम मफलर गुंडाळत, चप्पल फटफटवत मागून आला.

"वेडी झालीस काय? पडशील!"

"आता वेडी म्हणा. तेवढंच राहिलं होतं."

छतावर गारठा झोंबत होता. पूर्वेला डोंगरांची ओळ काळी दिसत होती आणि मागे आभाळ लालसर व्हायला लागलं होतं. पत्र्याच्या पेटीतून किरकिर एवढी मोठी येत होती की मुन्नीला ओरडून बोलावं लागलं.

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"हां."

"काय ऐकू येतंय?"

"ब्लोअर चाललाय."

"आणि?"

तो पत्र्याला हात लावून बघायला लागला.

"काल फोन बंद झाल्यावरही तुम्हाला ऐकू येत होतं," मुन्नी म्हणाली. "मी समोर बसले होते. कधीपासून ऐकू येत नाही? खरं सांगा. नाहीतर मी ही हत्यारांची पेटी इथून खाली टाकीन."

इब्राहीमने मफलर सोडून पुन्हा बांधला. पत्र्याकडे बघत राहिला. मग एवढ्या हळू बोलला की मुन्नीला जवळ जावं लागलं.

"मोठे आवाज येतात. जाडे येतात. बारीक येत नाहीत. दीड वर्ष झालं. जास्तच असेल."

"आणि कंपनीची मेडिकल? दर वर्षी होते ना? त्यात कान तपासतात ना?"

"तपासतात." तो कसनुसा हसला. "काचेच्या खोलीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरचा माणूस बटण फिरवतो तेव्हा त्याचा खांदा हलतो. काचेत दिसतो."

मुन्नीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अल्ला! खांदा बघून कान पास केलात?"

"मग काय करू? मेडिकलमध्ये नापास झालो तर करार पुढे नाही. करार नाही तर इकामा नाही, इकामा नाही तर इथे राहायची परवानगी नाही. उमामाची बारावी अर्धी टाकून बाणकोटला जाऊन काय करायचं? माझं सगळं काम कानावर. लोक मला कान म्हणून ओळखतात, मुन्नी."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," इब्राहीम म्हणाला.

मुन्नीला दया आली, पण राग काही जागचा हलला नाही. "आणि मला खोटी पाडत होतात ते? त्या हुसेनमियाँला वाटतं मला जिन लागलाय. तुम्ही दारात उभे राहून त्याला साथ दिलीत. मी रात्री उशीत डोकं घालून रडले आहे. मला वाटायला लागलं होतं माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय."

तो खाली मान घालून उभा राहिला. "चुकलं," म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकायची तिला सवय नव्हती.

किरकिर चालूच होती. मुन्नीने ओढणीने डोळे पुसले. "आता हे बंद कसं करायचं ते सांगा. थंडी वाजतेय मला."

इब्राहीमने आधी तिच्या ओढणीची दोन्ही टोकं घेतली, पाठीमागे नेऊन घट्ट गाठ मारली आणि गाठ स्वेटरच्या आत खोचली. "पट्टा ओढणी खेचतो आणि ओढणी माणसाला. इथे उभी राहा. याच्या पुढे पाय नको." मग पेटीची पत्र्याची बाजू उघडली. आत ब्लोअर गरगरत होता. त्याचा जाड दांडा दोन टोकांना दोन लोखंडी कड्यांमध्ये बसवलेला होता. ती बेअरिंगं, त्याने बोटाने दाखवलं. एक मोटरजवळ, हाताशी. दुसरं पलीकडे, कोपऱ्यात, जिथे पोचायला अंग वाकडं करावं लागतं.

"हुसेनमियाँने तेल दिलं ते याला दिलं असणार," त्याने जवळचं दाखवलं. "ते चकचकीत दिसतंय. तिकडचं कोरडं असेल. पण मी खात्रीने कसं सांगू? तू ऐक."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "टोक इथे धर, हलू देऊ नकोस. मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डोळे मिट."

तिने जवळच्या बेअरिंगला टोक लावलं. आत एक जाडसर, एकसारखा गुरगुराट होता, मांजराच्या पोटातल्यासारखा. मग त्याने तिचा दंड धरला, ती पलीकडे वाकली आणि दुसऱ्याला टोक लावलं. किंचाळी एकदम तिच्या डोक्याच्या आत गेली. तिने स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला.

"याऽऽऽ अल्ला! हेच. हेच ते."

"हेच?"

"हेच म्हणते ना! अजून किती वेळा सांगू?"

इब्राहीमने बाजूच्या खांबावरचा मोठा स्विच बंद केला. ब्लोअर हळूहळू थांबला. तेव्हा त्याने हात आत घालून त्या कोपऱ्यातल्या बेअरिंगवर तळवा ठेवला, मग बोटांनी दांडा वर-खाली हलवून पाहिला. "तापलंय. आणि हलतंय पण. केसाएवढं." त्याचा आवाज बदलला होता, कामावरचा झाला होता. "म्हणून दुपारी गप्प असायचं. उन्हात पत्रा तापतो, आत जे काही ग्रीस उरलंय ते पातळ होतं, मग बिचारं तेवढ्यावर फिरतं. गार पडलं की ग्रीस घट्ट, आणि कोरडं लोखंड लोखंडावर घासतं."

"हे तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी सांगू शकला असतात."

"तू सकाळी आणि संध्याकाळी म्हणत होतीस. मी ते धरलंच नाही."

तो खाली जाऊन आपल्या पिकअपमधून ग्रीसची पिचकारी घेऊन आला. बेअरिंगच्या टोपीवर धुळीने माखलेलं, ग्रीस भरायचं एक बोंडूक होतं, ते पुसलं, पिचकारी लावली आणि तीन-चार दाब दिले. कडेने काळं, जळकं ग्रीस बाहेर आलं. मग स्विच चालू केला. ब्लोअरने वेग घेतला. थोडी किर्र झाली, विरत गेली, थांबली.

इब्राहीम मुन्नीच्या तोंडाकडे बघत होता. "गेला?"

"गेला," ती म्हणाली.

"खरंच? की मला बरं वाटावं म्हणून?"

"तुमच्यासारखी नाही मी."

बेअरिंग बदलावंच लागणार होतं, ते शनिवारी हुसेनमियाँनी बदललं. इब्राहीमने स्वतः त्यांना छतावर नेऊन जुनं बेअरिंग हातात दिलं आणि सांगितलं, "भाभी का सही था." हुसेनमियाँनी खाली येऊन तीनदा माफी मागितली. पण मुन्नीचं काम अजून संपलं नव्हतं. छतावरून उतरता उतरताच तिने विचारलं होतं, "जयदीपसाहेबांना कधी सांगणार?"

जयदीप नाशिकचा, वयाने इब्राहीमहून पंधरा वर्षांनी लहान, यंत्रविभागाचा इंजिनियर.

"रमजान झाल्यावर बघू."

"तुमच्या हाताखाली दहा माणसं चालत्या मशीनशी काम करतात. एखादं मशीन असंच ओरडत असेल आणि तुम्ही म्हणालात 'हवा आहे', तर?"

यावर इब्राहीम जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला. नोव्हेंबरमध्ये काय झालं होतं ते त्याने तेव्हा सांगितलं. उत्तरेकडच्या शेतावर एका पंपाचं बेअरिंग जाम होऊन दांडा तुटला होता. तो पंप त्याने आदल्याच दिवशी तपासून बरोबर आहे म्हणून सही केली होती. तुकडा कुणाच्या अंगावर गेला नाही, जेवणाची सुट्टी होती म्हणून. मुन्नीने कठडा धरला.

"रविवारी," ती म्हणाली. "कामावर गेल्या गेल्या. रमजान-बिमजान नाही."

रविवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती मुलांची पाढ्यांची वही तपासत होती. मुलं गेल्यावर तिने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, साहेब, हल्ली थोडं कमी ऐकू येतं. ते म्हणाले, वयामुळे असेल, सगळ्यांचंच होतं. खलास."

मुन्नीने लाल पेन खाली ठेवलं. "थोडं? आणि काचेतला खांदा? आणि नोव्हेंबरचा पंप?"

"ते कसं सांगायचं गो?"

"तोंडाने. लावा फोन."

"आत्ता?"

"आत्ता. स्पीकरवर. नाहीतर पुन्हा काहीतरी अर्धंच ऐकाल."

त्याने फोन लावला. मुन्नी समोर हाताची घडी घालून उभी राहिली. इब्राहीमने सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये दोनदा खाकरून.

"इब्राहीमभाई," पलीकडून जयदीप म्हणाला, "त्या पंपाचा दोष मी रिपोर्टमध्ये पुरवठादाराच्या माथी मारलाय. दोन महिने त्यांच्याशी भांडतोय. तुम्हाला कळतंय का हे काय झालं?"

"कळतंय साहेब."

"उद्यापासून चालत्या मशीनची तपासणी बंद. एकही सही करायची नाही. सकाळी आठला क्लिनिकमध्ये या. या वेळी मी त्या बटणवाल्या माणसाच्या शेजारी उभा राहणार." मग म्हणाला, "वहिनी आहेत का तिथे? मला वाटलंच. त्यांच्याशिवाय तुम्ही हा फोन केला नसता."

डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं. तीस वर्षं जनरेटरच्या शेजारी, त्यातली पहिली पंधरा कानात कापूससुद्धा न घालता. कानाच्या आतल्या शिरा झिजल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या. कानात ऐकायचं मशीन लावलं तर बोलणं बरंच उमगेल. कंपनीने त्याला काढलं नाही, पण दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा करार दिला. तपासणी त्याच्याकडून काढून घेतली आणि नव्या मेकॅनिकांना बेअरिंगं बसवायला शिकवायचं काम दिलं. वर्कशॉपमधला त्याचा तो कानाचा खेळ बंद झाला. महिनाभर तो घरात घुम्यासारखा वावरला. मुन्नीने त्याला घुमू दिलं. तिचाही राग काही एका शुक्रवारात उतरला नव्हता. कधी कधी भाजी चिरताना तिला ते "तुला भास होतोय" आठवायचं आणि सुरी जरा जोरात चालायची.

फेब्रुवारीच्या शेवटी कानातली मशिनं आली. दोन छोटे, बदामाएवढे तुकडे. पहिल्या दिवशी ते लावून इब्राहीम घरभर फिरला, नळ सोडून बघितला, वर्तमानपत्र चुरगाळून बघितलं. उमामा खोलीतून काहीतरी बोलली तर तिथल्या तिथे उत्तर दिलं. पोरगी दाराशी येऊन बघत राहिली. तिसऱ्या दिवसापासून त्याची तक्रार सुरू झाली. ताटावर चमचा वाजला की डोक्यात जातं. कुणी प्लास्टिकची पिशवी उघडली की सहन होत नाही. मशिदीत शेजारचा खोकला तर बंदूक उडाल्यासारखं होतं.

"सवय होईल," मुन्नी सांगायची. "डॉक्टर म्हणालेत ना, तीन महिने लागतात."

उमामाच्या पहिल्या पेपरच्या सकाळची गोष्ट. मुन्नी पराठे लाटता लाटता त्याला सांगत होती. आज बस येणार नाही, पोरीला तुम्हीच सोडा, वाटेत पेट्रोल भरू नका, काल भरलंय, तिचं हॉलतिकीट मी तुमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय, ते तिला उतरताना आठवणीने द्या, आणि येताना गॅसचा सिलिंडर आणा, हा आज दुपारपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. इब्राहीम टेबलाशी बसून शांतपणे मान डोलावत होता. एवढ्या शांतपणे की मुन्नीने लाटणं थांबवून वळून पाहिलं.

त्याचे कान मोकळे होते. शर्टाच्या खिशातून मशिनांच्या डबीचं झाकण डोकावत होतं.

मुन्नीने मोठा श्वास घेतला. पिठाच्या हाताने खिशातली डबी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"घाला आधी," ती म्हणाली. "मग पहिल्यापासून सांगते."